सभागृहाची किल्ली कोणी घ्यावी?

आमच्या मंडळाच्या कोणत्याही सभेत अहवाल वाचून झाला आणि हिशेब मंजूर झाला की एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : "आपली तरुण मंडळी कोठे आहेत?" प्रश्न विचारणारे सर्व पन्नाशीपुढचे असतात, आणि ज्यांच्याविषयी तो विचारला जातो त्यांपैकी उत्तर देण्यास कोणीही हजर नसतो. मग कोणी सैन्यसेवेचे कारण सांगतो, कोणी तेल अवीवच्या नोकऱ्यांचे, कोणी हातातल्या फोनला दोष देतो. चहा येतो, आणि प्रश्न पुढील सभेसाठी राखून ठेवला जातो.

आम्ही या लेखात त्या प्रश्नाचे एक साधे उत्तर सुचवू इच्छितो. ते ऐकून काही वडीलधाऱ्यांस हसू येईल, तर काहींना राग येईल. आमचे उत्तर असे, की तरुणांना सभेस बोलावणे थांबवावे आणि खेळावयास बोलवावे. ज्या ज्या गावी आपली वीस-पंचवीस कुटुंबे राहतात, त्या त्या गावी मतनासच्या अथवा शाळेच्या सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी बॅडमिंटनचा खेळ सुरू करावा. मंडळाचे जे काम भाषणांनी होत नाही, ते एका जाळीने व डझनभर फुलांनी होऊ शकेल, असे आम्ही अनुभवाने म्हणतो. हा अनुभव सर्वस्वी यशाचा नाही. पहिल्या खेपेस आम्ही सपशेल फसलो, आणि त्या फसगतीतूनच सांगण्याजोगे काही हाती लागले.

प्रथम हे स्पष्ट करू, की खेळाची आवड आपल्या समाजास नवी नाही. मुंबईत ज्यांचे बालपण गेले त्यांस माझगाव, भायखळा, उमरखाडीच्या गल्ल्यांतील क्रिकेट आठवत असेल. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत १९३७ पासून हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांच्या जोडीला पाचवा संघ आला, त्याचे नाव 'द रेस्ट', म्हणजे 'उरलेले'. ख्रिस्ती, बौद्ध आणि यहुदी यांची गणना त्या उरलेल्यांत होई. १९४६ मध्ये ते सामने बंद पडले आणि धर्मावर आधारलेले संघ गेले, ते योग्यच झाले. पुढे आपल्या समाजातील ज्युडा रूबेन यांनी १९६९ ते १९७७ या काळात दहा कसोटी सामन्यांत पंचाचे काम केले, ते कोणत्याही जमातीच्या नावाने नव्हे, तर स्वतःच्या अचूक नजरेच्या बळावर.

बॅडमिंटनशी तर आपल्या प्रांताचे नातेच आहे. या खेळास आरंभी 'पूना' असे नाव होते. पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि १८७० नंतरच्या दशकात त्याचे आरंभीचे नियम तेथेच बांधले गेले. इंग्लंडमधील ज्या उमराव घराण्याच्या वाड्यावरून त्यास आजचे नाव मिळाले, त्या वाड्याचे नाव सर्वांस ठाऊक झाले आणि पुण्याचे मागे पडले. सांगलीहून आलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात अजिंक्यपद मिळविले, तेव्हा परदेशात असे पद जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. आमच्या वडील पिढीतील कित्येकांनी त्या दिवसांत चाळीच्या अंगणात दोरी बांधून त्यांच्या फटक्यांची नक्कल केली होती. १९८० साली प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण या देशात आलेले होते आणि ती बातमी पत्रांतून एकमेकांस कळवीत होते.

या देशात आल्यावर आपण क्रिकेट बरोबर आणले, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९६८ साली इस्राएलची क्रिकेट संघटना स्थापन झाली, १९७४ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला सहयोगी सभासदत्व दिले, आणि १९७९ साली इंग्लंडमध्ये झालेल्या पहिल्या आय.सी.सी. चषक स्पर्धेत आपला संघ उतरला. त्या स्पर्धेत राजकीय कारणावरून श्रीलंकेने आपल्याशी खेळण्याचे नाकारले, तरी संघ तेथे उभा होता हे विसरता येत नाही. बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद येथे भारतातून आलेल्या यहुदी बांधवांनी हा खेळ जगविला. कारखान्यात पाळी करून, पगारातून पदरमोड करून, दगडगोटे वेचून त्यांनी मैदाने केली. त्यांच्या ऋणाची जाणीव आम्हांस आहे.

परंतु त्याच इतिहासात एक धडाही आहे. क्रिकेटला बावीस माणसे लागतात, शंभर-सव्वाशे मीटर व्यासाचे मोकळे मैदान लागते आणि सबंध दिवस लागतो. या देशात रविवार हा कामाचा दिवस आहे. सुटीचा दिवस म्हणजे शब्बाथ. म्हणून धर्मनिष्ठ घरातील मुलाला तफिला आणि खेळपट्टी यांपैकी एक निवडावे लागले. शेजारच्या मुलांना हा खेळ कळत नसे, त्यामुळे आपली मुले शाळेत फुटबॉल व बास्केटबॉल खेळू लागली. आपल्या मुली व गृहिणी तर या सबंध उद्योगात सीमारेषेबाहेरच राहिल्या. त्यांच्या वाट्यास सँडविच आणि चहा आला. ज्या खेळात घरातील निम्मी माणसे केवळ डबे भरण्यास येतात, तो खेळ दुसऱ्या पिढीत घराबाहेर जातो. हे कोणास दोष देण्यासाठी आम्ही लिहीत नाही. पुढील पाऊल टाकण्यापूर्वी मागील पाऊल पाहावे, एवढाच हेतू.

आता बॅडमिंटनचा हिशेब पाहा. दुहेरी सामन्याचे कोर्ट १३.४ मीटर लांब व ६.१ मीटर रुंद असते. पूर्ण मापाचे बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. म्हणजे एका सभागृहात आडवी मांडलेली तीन कोर्टे सुखाने बसतात आणि एका वेळी बारा माणसे खेळतात. नेगेवच्या उन्हाचा प्रश्न नाही, वाऱ्याचा नाही. रॅकेटचे वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असते, त्यामुळे दहा वर्षांची नात आणि साठीची आजी दोघीही ती पेलू शकतात. मिश्र दुहेरीत स्त्री-पुरुष एकाच बाजूस उभे राहतात. एक डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो. लष्करातून शब्बाथपुरता घरी आलेला मुलगाही शनिवारी रात्री तासभर खेळून पहाटेची गाडी धरू शकतो. सबंध दिवस मागणाऱ्या खेळाला ही सोय नाही.

हे सारे आम्हांस पहिल्या दिवशीही ठाऊक होते. तरीही आम्ही फसलो, ते असे. आमच्या वसाहतीतील सभागृह मिळाले, मंडळाने जाळ्या घेतल्या, आणि पहिल्या संध्याकाळी भिंतीलगत उभे राहण्यास जागा उरली नाही. कुटुंबेच्या कुटुंबे आली होती. आमच्यातील सहा-सात जण मुंबईस कॉलेजात चांगले खेळलेले. त्यांनी कोर्टे ताब्यात घेतली. जो जिंकेल त्याने कोर्टावर राहावे, असा नियम ठरला. तो नियम न्याय्य वाटतो, पण त्याचा परिणाम असा झाला, की जे उत्तम खेळत ते सतत खेळत राहिले आणि ज्यांस शिकावयाचे होते ते पाऊण तास उभे राहून पाच मिनिटांत बाद होऊन परतले. एका मुलीस तिच्या जोडीदाराने "तू बाजूला उभी राहा, मी सांभाळतो" असे सांगितले. ती पुन्हा आली नाही. तिची आई आली नाही, आणि आई आली नाही म्हणून धाकटा भाऊही आला नाही. दोन महिन्यांनी त्या मोठ्या सभागृहात आम्ही चौघे उरलो होतो. चौघेही पन्नाशीपुढचे, आणि चौघेही एकमेकांस विचारीत होतो : "आपली तरुण मंडळी कोठे आहेत?"

सभेतील प्रश्न सभागृहात आमच्या पाठोपाठ आला होता. त्या रात्री आम्हांस उमगले, की तरुण मंडळी आली होती. त्यांना आम्हीच घालविले होते.

याच सुमारास ब्रिटनमधील एका खेळाची हकीकत आमच्या वाचनात आली, ती येथे सांगण्यासारखी आहे. तेथे १९७६ साली रॅकेटबॉल नावाचा खेळ निघाला. अमेरिकेत तत्पूर्वीच त्या नावाशी मिळताजुळता खेळ होता, पण ब्रिटिशांनी तो आपल्याकडील स्क्वॉशच्या कोर्टावर बसविला. स्क्वॉशचा चेंडू लहान व मंद. तो तापेपर्यंत उसळत नाही, म्हणून नवशिक्यास रडू आणतो. रॅकेटबॉलचा चेंडू मोठा, ५७ मिलिमीटर व्यासाचा व चांगला उसळणारा, आणि रॅकेटचा दांडा आखूड. त्यामुळे पहिल्याच दिवशी चार-सहा फटके सलग बसतात. गुडघे दुखू लागल्याने स्क्वॉश सोडलेले वयस्क त्यात परतले, कधीच रॅकेट न धरलेले नवे आले, आणि रिकाम्या पडणाऱ्या कोर्टांना माणसे मिळाली. २०१६ साली जागतिक स्क्वॉश महासंघाने त्या खेळास चेंडूच्या मापावरूनच 'स्क्वॉश ५७' हे नाव दिले. आपल्या गावी स्क्वॉशची कोर्टे नाहीत, आणि ती बांधावीत असे आम्ही म्हणत नाही. आम्हांस भावले ते इतकेच, की कोर्टाच्या भिंती त्याच राहिल्या. माणसे खेळास पुरी पडत नव्हती, तेव्हा त्यांनी खेळच माणसांस पुरा पडेल असा केला.

आम्हीही तसेच केले. दुसऱ्या खेपेस आम्ही जे नियम ठरविले ते फार थोडे आहेत. दाराशी एक पाटी टांगली. येणाऱ्याने आल्या क्रमाने नाव लिहावे, वरची चार नावे कोर्टावर जावीत, एक डाव होताच चौघांनीही उतरावे, जिंकणाऱ्यांनी आणि हरणाऱ्यांनीही. चोवीस माणसे असली तर प्रत्येकास एका डावापुरतेच थांबावे लागते. तीनपैकी एक कोर्ट केवळ नवशिक्यांचे. तेथे आमच्या उत्तम खेळाडूंपैकी एकाने दर संध्याकाळी अर्धा तास उभे राहून शिकवावयाचे, आणि त्यात कोणाचीही सुटका नाही. त्या कोर्टावर पिसांची फुले वापरावयाची नाहीत. सोळा पिसांचे ते नाजूक फूल नवशिक्याच्या हाती एका डावात मोडते आणि खर्चाच्या भीतीने मूल जोराने मारीत नाही. नायलॉनचे फूल अनेक संध्याकाळी टिकते. मंडळाने सहा रॅकेटी सामायिक ठेवल्या, म्हणजे प्रथम येणाऱ्यास काही विकत घ्यावे लागत नाही. पहिला महिना वर्गणी नाही. प्रकृतीविषयीचा दाखला व विमा यांची चौकशी केंद्राच्या कचेरीत आधीच करून घेतली, कारण अपघात झाल्यावर ती करण्यात शहाणपण नाही.

यांहून महत्त्वाची एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही. जो नवा माणूस आला, त्याचे नाव विचारून त्यास पहिल्या डावात कोणीतरी आपला जोडीदार करून घ्यावयाचे. आणि जो दोन आठवडे दिसला नाही, त्यास घरी फोन करावयाचा. रागावण्यासाठी नव्हे, केवळ चौकशीसाठी. एका प्रौढ गृहस्थांना असा फोन केला, तेव्हा ते रुग्णालयात असल्याचे आम्हांस कळले. समाजाच्या कोणत्याही नोंदवहीतून ते कळले नसते. खेळाचे मंडळ आणि समाजाचे मंडळ यांत अंतर नाही, हे आम्हांस त्या दिवशी पटले.

चहाविषयीही एक नियम आहे. चहा आळीपाळीने करावयाचा, आणि या पाळीत पुरुषांची नावेही लिहावयाची. हा नियम मंजूर होण्यास इतर सर्व नियमांपेक्षा अधिक वेळ लागला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता दोन आक्षेपांकडे वळू, कारण ते हलके नाहीत.

पहिला शब्बाथचा. काही तरुणांचे म्हणणे असे, की शनिवारची सकाळ हीच सोईची आणि सभागृहे त्या वेळी रिकामी असतात. आमचे उत्तर ठाम नकाराचे आहे. ज्या समाजास कोकणात शेजाऱ्यांनी 'शनिवार तेली' असे नाव दिले, ते एवढ्याचसाठी की तेलाचा घाणा त्या दिवशी बंद राही. पोथ्या नव्हत्या, रब्बी नव्हते, तेव्हाही आपल्या पूर्वजांनी तो एक दिवस राखला. त्यांच्या वंशजांनी येथे येऊन त्या दिवशी घाणा सुरू करू नये. स्वतःच्या घरी कोण काय करतो याची चौकशी आम्ही करीत नाही. परंतु समाजाच्या नावाने उघडलेले दार असे असावे, की हजानचा मुलगाही त्यातून संकोचाशिवाय आत यावा. म्हणून हव्दाला झाल्यानंतरची शनिवारची रात्र आणि आठवड्यातील एक संध्याकाळ, असे आम्ही ठरविले. आज शनिवारची रात्र सर्वांत गजबजलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. "आपले सभागृह आपल्याच लोकांसाठी असावे. दार उघडले तर बाहेरचे येतील, हिब्रू बोलतील, आणि जी थोडी मराठी उरली आहे तीही जाईल." असे बोलणाऱ्यांचे दुःख आम्ही जाणतो. नातवंडांशी बोलताना ज्यांना शब्द शोधावे लागतात, त्यांचे ते दुःख आहे. तरीही आम्ही त्यांच्याशी सहमत नाही.

१९६२ साली मुख्य रब्बीमंडळाच्या निर्देशानुसार बेने इस्राएल वधूवरांच्या कुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी होऊ लागली. तुमची आजी कोण, तिची आई कोण, असे प्रश्न आपल्यास विचारले गेले. १९६४ साली आपल्या माणसांनी यरुशलेम येथे ठिय्या दिला, क्नेसेटमध्ये तो प्रश्न चर्चिला गेला आणि त्या निर्देशातील आपले नाव वगळले गेले. दारात उभे करून वंशावळ विचारल्याने माणसाच्या मनाचे काय होते, हे या देशात आपल्याइतके फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या उन्हात मुले कडेवर घेऊन बसलेल्या मातांची लेकरे आज आपल्या मंडळांची पदाधिकारी आहेत. त्यांनी बॅडमिंटनच्या दारात उभे राहून "तुम्ही कोणत्या गावचे कर? पेणकर, रोहेकर, की कोणीच नाही?" असे विचारावे, हे आम्हांस शोभत नाही.

शिवाय व्यवहार पाहिला तरी दार बंद ठेवून निभाव लागत नाही. आपल्या मुलांची लग्ने मोरोक्कोच्या, रुमानियाच्या, येमेनच्या घराण्यांत झाली आहेत. जावयास बाहेर ठेवले तर मुलगीही बाहेर राहील आणि नातवंडे तर येणारच नाहीत. आमच्याकडे आज शेजारचे रशियन कुटुंब येते, एक इथिओपियन तरुण येतो, आणि वृद्धांच्या सेवेसाठी भारतातून आलेल्या काही काळजीवाहक भगिनीही सुटीच्या संध्याकाळी येतात. त्यांपैकी दोघींचा खेळ आम्हा सर्वांपेक्षा सरस आहे.

मग मराठीचे काय? आम्ही एकच अट घातली : गुण मराठीत मोजावयाचे. १९९० पूर्वी खेळलेल्यांस पंधरा गुणांचा डाव आठवत असेल, ज्यात सर्व्हिस करणाऱ्यासच गुण मिळे. २००६ साली एकवीस गुणांची आणि प्रत्येक फटकेफेरीस गुण देण्याची पद्धत आली. ती आमच्या फार उपयोगी पडली. एका संध्याकाळी प्रत्येक मूल एक ते एकवीस हे आकडे किमान पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणते. आधी आजोबा खुर्चीवर बसून गुण सांगत, आता नातवंडे त्यांची चूक काढतात. "आजोबा, अठरा झाले, सतरा नव्हे!" हे वाक्य एका दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकले, तेव्हा ज्यांच्या घरात वर्षानुवर्षे मराठीस केवळ हिब्रूतून उत्तरे मिळत होती, ते गृहस्थ काही वेळ गुण मोजावयाचेच विसरले. एकवीस आकड्यांनी भाषा वाचते असा आमचा दावा नाही. पण ज्या मुलाच्या कानी भाषा केवळ रागावण्याच्या वेळी व मरणाच्या घरी पडते, त्याच्या कानी ती जिंकण्याच्या वेळी पडावी, यास महत्त्व आहे.

वयाची सबब सांगणाऱ्यांसाठी एक उदाहरण देऊन हे प्रकरण संपवितो. २०२२ साली टोकियो येथे जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत इस्राएलची एक मिश्र दुहेरी जोडी पहिला सामना जिंकली. पुरुष खेळाडू होता मिशा झिलबरमन, जो लंडन २०१२ पासून पॅरिस २०२४ पर्यंत चार ऑलिंपिक स्पर्धांत खेळला. त्याची जोडीदार होती त्याची आई स्वेतलाना, वय वर्षे ६४. हे कुटुंब मॉस्कोहून या देशात आलेले. आपल्याप्रमाणेच तेही स्थलांतरित. त्यांनी आपला खेळ सामानासोबत आणला आणि आईने तो मुलास दिला. आपणही एक खेळ आणला होता, तो पुण्याच्या छावणीतून निघालेला, आपल्याच प्रांताचा. तो आपण पेटीतच ठेवला आणि पेटी माळ्यावर टाकली. जागतिक स्पर्धांची स्वप्ने आम्ही पाहत नाही. पण आई आणि मुलगा जाळीच्या एकाच बाजूस उभे आहेत, हे दृश्य आपल्या प्रत्येक गावी दिसू शकते. त्यास अजिंक्यपद लागत नाही.

वाचक बंधुभगिनींनो, शेवटी शीर्षकातील प्रश्नाकडे येतो. सभागृह मागण्यास आम्ही केंद्राच्या व्यवस्थापकांकडे प्रथम गेलो तेव्हा आमचे सात जणांचे शिष्टमंडळ होते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि तीन सल्लागार. व्यवस्थापकांनी सर्व ऐकून घेतले व एकच गोष्ट विचारली : "दर आठवड्यास दार कोण उघडील? किल्ली कोणाच्या नावे लिहू?" आम्ही सातही जण एकमेकांकडे पाहू लागलो. अध्यक्ष होण्यास सर्व तयार होते, किल्ली घेण्यास कोणी नाही. पावसातही जावे लागेल, कोणी न आल्यास एकटे बसावे लागेल, सर्वांत शेवटी दिवे मालवून निघावे लागेल, हे सर्वांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

ती किल्ली अखेर शिष्टमंडळात नसलेल्या एका निवृत्त परिचारिका बाईंनी घेतली. आयुष्यभर रात्रपाळी केलेल्या त्या बाईंना दिवे मालविण्याचे भय नव्हते. त्या स्वतः फारशा खेळत नाहीत. त्या वेळेआधी दहा मिनिटे येतात, दार उघडतात, पाटी टांगतात, आणि जो नवा येईल त्याचे नाव विचारतात. आमचा दुसरा प्रयत्न टिकला तो पाटीमुळे, नायलॉनच्या फुलांमुळे आणि मराठी आकड्यांमुळे, असे वर लिहिले आहे. ते खरे आहे. पण त्या बाईंनी दार उघडले नसते, तर पाटी टांगावयास भिंतच मिळाली नसती.

म्हणून आपल्या गावी नवे मंडळ काढू नका, नवी घटना लिहू नका, पदाधिकाऱ्यांची निवडणूक पुढे ढकला. जवळच्या सभागृहात कोणत्या दोन संध्याकाळी जागा मिळते ते या आठवड्यात विचारा, दोन जाळ्या व डझनभर नायलॉनची फुले घ्या, आणि आपल्यातील एक माणूस असा शोधा जो किल्ली घेईल. तो सापडला की पुढील सभेत तरुण मंडळींविषयीचा प्रश्न कोणी विचारणार नाही. कारण त्या संध्याकाळी विचारणारेही सभागृहातच असतील, पाटीवर नाव लिहून आपल्या पाळीची वाट पाहत.